रुतणारी दोरी

माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताला एकच बोट होतं, अंगठा. बाकीची चार होडीच्या नांगराच्या दोरानं नेली. दोराचा वेढा हाताला पडला, त्याच वेळी वाऱ्यानं होडी फिरली, आणि झालं. ह्यांना किनाऱ्यावर आणलं तेव्हा सगळं थळ गाव रडत होतं आणि मी तर भुईवर लोळत होते. माझी सासू नीराबाई तेवढी उभी होती. तिनं फडक्यात गुंडाळलेला हात बघितला आणि म्हणाली, "चार बोटं घेतली, पोर दिलं. बरं झालं."

आता बरं झालं म्हणायची ही काय वेळ? मी मनात दहा शिव्या दिल्या. पण तिचंही खरं होतं. तिचा नवरा, माझा सासरा, खांदेरी बेटाच्या पलीकडं गेला तो गेलाच, होडीचं लाकूडही परत आलं नव्हतं. तेव्हापासून दर्यावर गेलेल्या माणसाबद्दल "येईल" हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. कुणी माझ्या नवऱ्याचं विचारलं, तुळशीराम कुठं? तर म्हणायची, "गेलाय." एवढंच. पुढचं बोलायचीच नाही.

ही मिठाच्या सत्याग्रहाची गडबड झाली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट.

आमचं घर गळवाल्यांचं. जाळीवाले वेगळे, आम्ही पिढ्यानपिढ्या गळ टाकणारे. आणि गळाच्या दोरीला दोन हात लागतात, एक ओढायला, दुसरा ओढलेलं धरून ठेवायला. एकहाती माणूस ओढतो आणि ओढलेलं परत जातं. म्हणून हे घरी बसले. बसले म्हणजे काय, वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकायचे. हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काम, आणि माझा नवरा तेव्हा तिशीचाही नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं मूठच वळत नव्हती तर झाकणार काय? हे बोलायचे नाहीत. दोघांच्या वाटचं मीच बोलायचे, आणि माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे.

होडी ह्यांचा धाकटा भाऊ काळूराम चालवायचा, तोच आमचा तांडेल. नारळी पुनवेला दर्याची मोठी होडी पाण्यात लोटायच्या आधी तांडेल एकेकाच्या हातावर सुपारी ठेवतो. सुपारी मिळाली तो त्या सालचा खलाशी. न मिळाली तो किनाऱ्यावरचा. हात गेल्यावरच्या पुनवेला काळूरामनं सगळ्यांच्या हातावर ठेवली, आणि सख्ख्या भावासमोर येऊन मान खाली घातली. ह्यांनी उजवा हात पुढं केला होता. तो तसाच मागं घेतला. त्या दिवशी घरी चूल पेटवली नाही मी.

मग ती चक्री आली.

हिवाळ्यात किहीमच्या बंगल्यावर एक साहेब यायचा, खांदेरीच्या खडकांवर काठीनं मासे धरायचा. हात धड होता तेव्हा हेच त्याला होडीतून न्यायचे. विलायतेला परत जाताना तो निरोप घ्यायला आमच्या दारात आला. ह्यांनी हात पाठीमागं लपवला. साहेबानं तो ओढून पुढं घेतला, उलटासुलटा करून बघितला, मग गाडीतून चक्री लावलेली आपली काठी आणली. काठीचा बुंधा ह्यांच्या बगलेत दिला, डावा अंगठा चक्रीवर टेकवला, उजवा हात चक्रीच्या चावीवर. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि काठी तशीच ठेवून गेला. सगळं जग गेलेल्या चार बोटांकडं बघत होतं, ह्या गोऱ्यानं उरलेला अंगठा बघितला!

चक्री पितळेची, मुठीएवढी. तिच्यावर रेशमाची दोरी गुंडाळलेली, शेवयीएवढी बारीक, वेणी घालतात तशी विणलेली. काठी झटकली की शिसं लांब उडतं आणि चक्री गरगर फिरून दोरी सोडते. अंगठ्यानं तिला आवरायचं. मासा पळाला तरी अंगठ्यानंच आवरायचं. आणि चावी फिरवली की दोरी परत आत, आणि आत आलेली आतच राहते. ओढलेलं धरून ठेवणारा दुसरा हात म्हणजेच ती चक्री. हे ह्यांना कळलं तेव्हा कितीतरी दिवसांनी हे हसले.

पहिले दिवस तमाशाच होता. शिसं पडायचं, चक्री फिरतच राहायची, आणि दोरीचं असं घरटं व्हायचं की अख्खी दुपार सोडवण्यात जायची. शेजारची आवडाबाई वाळूत उभी राहून विचारायची, "काय गं केसर, तुझ्या नवऱ्यानं वाळूत मासे पेरलेत काय?" मी म्हटलं, "पेरलेत, उगवले की पहिला तुझ्या तोंडात घालीन." पण ह्यांनी सोडलं नाही. जेठ संपता संपता नेम असा बसला की सांगाल त्या खेकड्याच्या बिळावर शिसं टाकत. काळूराम लांबून बघायचा. एके दिवशी तो ओटीवर येऊन बसला.

"दादा, खाडीत जिताडा चढलाय. एक जिताडा तू आपल्या हातानं होडीत घे. सुपारी पहिली तुझ्या हातावर ठेवीन."

"आन् न्हाय घेतला तर?"

"तर मना दोष देऊ नको. होडीत पोराबाळांची माणसं हायत. त्यांच्यात अर्धा माणूस मना घेता येत न्हाय."

अर्धा माणूस! मी आतून पळी घेऊनच बाहेर येणार होते. ह्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडं, म्हणून थांबले. काळूरामचे डोळेही भरलेले होते. त्याचंही काय चुकत होतं?

पाऊस उघडला तशी दोघं भाऊ खाडीपुरती छोटी होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले. मी काठावर चिखलातल्या शिवल्या, शिंपल्या वेचत होते, म्हणजे वेचायचं सोंग करत होते. जिताड्यानं गळ धरला. चक्री अशी गायली की मला काठावर ऐकू आली. हे अंगठा दाबून होते, दोरी चालली होती, सगळं ठीक चाललं होतं. आणि एकाएकी चक्री अडली. ठाक! काठी वाकली, दोरी तुटली, जिताडा गेला.

आता का अडली? कुणाला कळेना. पुन्हा गेले. पुन्हा तेच, मासा पळतोय, दोरी चाललीय, आणि ठाक. तिसऱ्यांदा तर मासाही नव्हता, नुसतं शिसं फेकलं तर ते हवेत मध्येच थांबलं आणि मागं येऊन पाण्यात पडलं, कुणी कॉलर धरून ओढावं तसं. वाळूवर रोज सुरळीत चालणारी चक्री खाडीत मासा लागला की अडते, आणि एकदा अडली की मग शिसंही धड जाऊ देत नाही. घोडं कुठं पेंड खातंय तेच समजेना.

आवडाबाई म्हणाली दृष्ट लागलीय. मी हसले नाही, मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि त्या पितळेच्या चक्रीवरून ओवाळून चुलीत टाकल्या. एवढी वेळ आली होती माझ्यावर! काळूराम म्हणाला रेशीम कुजलंय. त्यानं दोरीचा तुकडा दोन्ही मुठींना गुंडाळून ताणला. दोरी तुटली नाही, त्याच्या तळव्याला चिरा पडल्या. मी साहेबावर घसरले. म्हटलं, मेल्यानं बिघडलेली वस्तू दिली आणि वर ह्यांची पाठ थोपटून गेला. सासूबाई टकळीवर ताग कातत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दर्याच्या मनात नसंल."

आणि हे म्हणाले, "अंगठाच खोटा माझा. काळू म्हणतो ते खरं हाय."

चार बोटं गेली तेव्हा हे असं बोलले नव्हते.

आता रेशमाचं एक आहे, ते ओलं ठेवलं की सडतं. म्हणून खाडीवरून आलं की दोरी चक्रीवरून सगळी उतरवायची, गोड्या पाण्यात धुवायची, चुलीवरच्या दांडीवर सुकवायची, आणि मग पुन्हा गुंडाळायची. हे काम सासूचं. घरातली एकूण एक दोरी तिच्याच हातून जायची, तिथं सुनेला हात लावायची मुभा नव्हती. ती दोरी कशी गुंडाळायची माहीत आहे? पोराला न्हाऊ घालावं तशी. हलक्या हातानं, सैल. म्हणायची, "दोरीला दम खाऊ द्यावा. आवळली की घुसमटते, मग कुजते." आमच्या गळाच्या सुती दोऱ्या ती टोपलीत अशाच सैल वेटोळ्यांनी ठेवायची आणि त्या वर्षानुवर्षं टिकायच्या. थळात तिच्या दोऱ्यांचं नाव होतं.

पुनव तोंडावर आली. एका सकाळी हे उठले, सदरा घातला. म्हटलं कुठं? म्हणाले, "बंदरावर. काळूला सांगून येतो, माझी वाट बघू नको. दुसऱ्या कुणाला तरी घे." आणि गेले. मी मागून काय काय बोलले ते आठवत नाही. सासू दारात टकळी घेऊन बसली होती, तिनं ऐकलं आणि टकळी फिरवत राहिली.

माझा राग मावेना. कुणावर काढू? ती चक्री ओढून मांडीवर घेतली, म्हटलं आज तुझा सोक्षमोक्ष. आदल्या दिवशी अडलेली दोरी तशीच होती, निराशेनं कुणी हात लावला नव्हता. मी टोक धरून ओढलं, येईना. नखानं उकरलं तेव्हा दिसलं. वरची फेरी वर नव्हतीच. ती खालच्या फेऱ्यांच्या पोटात शिरून बसली होती, वरून दुसऱ्या फेऱ्यांनी तिला दाबलं होतं. मी तिथंच नख दाबलं. मऊ भातात जावं तसं नख आत गेलं.

खालची दोरी सैल, म्हणून मासा ओढायला लागला की वरची आत रुतते. रुतली की अडते. अडली की तुटते. वाळूवर नुसतं शिसं, त्याला ओढ कसली, म्हणून तिथं सगळं सुरळीत. अंगठ्याचा काय दोष, नि दर्याचा काय!

मी आनंदानं मान वर केली, आणि समोर सासू.

ती ताग कातत होती. हातभर सूत झालं की टकळीवर गुंडाळायची, आणि गुंडाळताना प्रत्येक फेरी अंगठ्याखाली करकचून आवळायची. टकळीवरचं सूत लाकडासारखं कडक झालं होतं. सैल गुंडाळलेलं सूत खालच्या सुतात रुतून बसतं, मग सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. हे तिनंच मला लग्न होऊन आले तेव्हा शिकवलं होतं, हातावर चापट मारून.

मग हिला चक्रीचं कळलं नसेल? का कळलं असेल? जिच्या हाताखालून सगळं सूत गेलं तिला? आणि तिचं ते "चार बोटं घेतली, पोर दिलं" माझ्या कानात वाजायला लागलं. हे घरी होते. रोज डोळ्यासमोर. कावळे हाकत का होईना.

पण तिच्या गळाच्या दोऱ्याही सैलच असायच्या ना! म्हणजे सवयीनं केलं असेल. दोरी म्हटली की सैल, सूत म्हटलं की घट्ट, तिचे हातच तसे चालत असतील. मला काही ठरवता येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला विचारू?

शेवटी तिलाच विचारलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

"आये, टकळीवर असं सैल गुंडाळता का कधी?"

तिची टकळी थांबली. तिनं माझ्या मांडीवरच्या चक्रीकडं बघितलं, माझ्या नखाकडं बघितलं. कोंबडी घरात शिरली तरी दोघींपैकी कुणी हुसकली नाही.

"सूत येगळं, दोरी येगळी," ती म्हणाली.

"ह्याला सुतासारखंच पायजे. घट्ट."

"घट्ट केलं तर काय व्हईल?"

"मासा येईल."

"आन् मग?"

मग काय होईल ते तिला माहीत होतं आणि मलाही. सुपारी मिळेल. होडी खांदेरीच्या पलीकडं जाईल. मला एकदम भीती वाटली. इतके दिवस मी फक्त काळूरामवर, साहेबावर, चक्रीवर चिडत होते, आणि भ्यायचं राहूनच गेलं होतं.

"आये," मी म्हटलं, "ते बंदरावर गेलेत. सांगायला, की मी अर्धाच माणूस हाय."

सासू उठली. टकळी कोनाड्यात ठेवली. आली आणि माझ्या हातातून दोरीचं टोक घेतलं, दोरी सगळी उलगडत अंगणापलीकडच्या लांबच्या माडापर्यंत गेली. तळवे ओले केले, दोरीचा वेढा हाताला दिला आणि मागं रेलली.

"फिरव," म्हणाली.

मी चावी फिरवायला लागले. दोरी तारेसारखी ताणली. मी ओढायचे आणि ती मागं रेटायची, सगळं अंग घालून, टाचा वाळूत रोवून, आणि तरी एकेक पाऊल पुढं यायला लागायची, कारण दोरी तर आत जात होती. तिचे दात आवळलेले. मी म्हटलं, "आये, हात कापंल, फडकं घ्या." ती म्हणाली, "फडक्यात ओढ कळत न्हाय. फिरव तू." ती माझ्यापाशी येऊन पोचली तेव्हा तिच्या तळव्यावर लाल रेघा होत्या. मी चक्रीवर नख दाबलं. नख जाईना.

मग मी पळाले. डोईवरचा पदर कुठं, कशाचं भान नाही, एका हातात काठी, एका हातात चक्री. आवडाबाई ओरडली, "केसर, कुणाला मारायला चाललीस गं?" मी थांबले नाही. बंदरावर दोघं भाऊ होडीशी उभे होते, दोघांच्याही माना खाली. म्हणजे सांगून झालं होतं.

"भावजी, एकदा," मी म्हटलं. "आत्ता. भरती हाय. पुन्हा अडली तर मी हे लाकूड चुलीत घालीन आन् पुन्हा तोंड उघडणार न्हाय."

काळूराम म्हणाला, "वैनी तोंड उघडणार न्हाय म्हणते, मग तर जायलाच पायजे."

काठावर शिवल्या वेचायचं सोंग ह्या वेळी मी केलं नाही, सरळ चिखलात उभी राहिले. जिताडा लागायला बराच वेळ लागला. मग चक्री गायली. आता अडेल, आता अडेल. ती गातच राहिली. हे अंगठा दाबायचे, मासा थांबायचा, हे चावी फिरवायचे, तो पुन्हा पळायचा, आणि चक्री दर वेळी दोरी द्यायची आणि दर वेळी परत घ्यायची. होडी खाडीत ह्या टोकाची त्या टोकाला गेली. जिताडा होडीपाशी आला तेव्हा काळूरामनं हात पुढं केला. हे ओरडले, एवढ्या मोठ्यानं की मी दचकले, "हात लावायचा न्हाय!" काठी बगलेत दाबून, गुडघे टेकून, उजव्या हातानं टोपली खाली घालून त्यांनी तो होडीत घेतला. मग होडीतच बसले आणि लहान पोरासारखे रडले. काळूरामही रडला. मी चिखलात एकटी, मी कुणाच्या गळ्यात पडू? जोरजोरात शिव्या घातल्या दोघांना.

जिताडा सासूनं कापला. हे तिच्या हाताकडं बघत होते.

"आये, हाताला काय झालं?"

"सुतानं कापलं," ती म्हणाली. मी रश्श्यात चिंच घातली आणि गप्प राहिले. माझं गप्प राहणं बघून ह्यांनाच नवल वाटलं.

पुनवेला काळूरामनं पहिली सुपारी ह्यांच्या हातावर ठेवली. उजव्या नाही, डाव्या. अंगठ्यानं ह्यांनी ती तळव्यावर दाबून धरली. होडी दुसऱ्या दिवशी निघायची होती. संध्याकाळी सरावाला भिजलेली दोरी मी चुलीवरच्या दांडीवर टाकली होती. म्हटलं सकाळी सासूला बोलवीन, दोघी मिळून गुंडाळू. बोलवायची तशी लाजच वाटत होती. आपल्या पोराला दर्यावर धाडायला आपलेच हात कापून घे, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

सकाळी उठले तर दांडी रिकामी. माझ्या मनात नको ते आलं, हिनंच दोरी लपवली की काय, खोटं कशाला बोलू. धावत अंगणात गेले. चक्री ओटीवर होती, दोरी वर चढवलेली. कुणाला न उठवता तिनं दोरीचं टोक माडाला बांधलं होतं आणि एकटीनं चावी फिरवत, मागं रेटत, माडापर्यंत चालत गेली होती. वाळूत ओटीपासून माडापर्यंत तिच्या टाचांच्या खुणा होत्या, एकेक खोल. मी चक्रीवर नख दाबून बघितलं. माझ्यानं गुंडाळली गेली असती त्याहून घट्ट होती.

मग आधी काय होतं? सवय का दुसरं काही? मला अजून कळलेलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

होडी निघाली. बायका किनाऱ्यावर उभ्या होत्या. सासूनं चक्री स्वतः ह्यांच्या हातात दिली, डावा अंगठा धरून तिच्यावर टेकवला, साहेबानं टेकवला होता तसा. होडी खांदेरीकडं वळली, लहान झाली, तरी मी बघतच होते. मला रडू आवरेना.

सासूनं माझ्या दंडाला धरून फिरवलं. "बघतीस काय? चल, भात टाक," ती म्हणाली. "भुकेले येतील."